चिंगीच्या गळ्यातल्या चिंध्या

शनिवार, १७ जानेवारी. मुक्काम सोनखडी, नागपूरच्या कळमना बाजारापासून पुढे तासाभरावर.

हजर: मी सुनंदा, हायस्कूलची लिपिक आणि शाळेतल्या मुलांच्या शेळी मंडळाची चिटणीस, विज्ञानाचे कदम सर, आठवीतल्या सानिका आणि प्रणाली. गैरहजर: प्रणालीचं स्वेटर. ते नागपुरात सक्करदऱ्याला कदम सरांच्या मावसभावाकडे खुंटीवर राहिलं होतं.

हे हजेरीचं पान मी तिथेच वहीत लिहिलं होतं. बाकीचं घरी परतल्यावर, पाय शेकत लिहिते आहे.

का गेलो ते आधी सांगते. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं आमचं गाव. तीन वर्षांपूर्वी शाळेत मंडळ काढलं. एका मुलाकडे एक शेळी, तिची निगा त्याने राखायची, दर महिन्याला वजन, वेळेवर लस. माझी रजिस्टरं कुणीही तपासावीत. शेळ्याही धडधाकट. पण वर्षाचं प्रदर्शन भरवलं की मुलांच्या आया तेवढ्या येतात, आपल्या मुलाचा नंबर झाला की पदर खोचून घरी जातात. बाकी गावाचा आमच्या शेळ्यांशी संबंध एवढाच, की कुणाच्या तरी परसात शिरली म्हणून तक्रार. कदम सरांना एका प्रशिक्षणात सोनखडीबद्दल कळलं. तिथे मुलांच्या मंडळात बकऱ्या सहाच आहेत, पण प्रदर्शनाला सगळं गाव लोटतं म्हणे. मी चौदा प्रश्नांची यादी केली आणि तिकिटं काढली.

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पोचलो, झोपलो, उठलो.

सकाळी सक्करदऱ्याला तर्री पोहे. पोह्यांवर लाल तिखट रस्सा ओतायची कल्पना आम्हा सांगलीकरांना परकी नाही, आम्ही मिसळवाले. तरी सरांनी "अजून घाला" म्हटलं आणि पुढचा अर्धा तास ते उचक्यांतून बोलले. मग यजमानांच्या बकऱ्यांसाठी सहा घंट्या घ्यायला इतवारीत गेलो. हातगाड्यांमधून वाट काढत भांड्यांच्या गल्लीत पोचलो. दुकानदाराने विचारलं, "बकरीले पायजे का म्हशीले?" सानिका-प्रणाली तोंड दाबून हसायला लागल्या.

"काहून हसून राहिल्या वं?" तो म्हणाला. "म्हशीची घंटी बकरीले बांधली तं मान खाली जाईन तिची. मंग हसजा."

सहा घंट्या घेतल्या, यादीतल्या त्या ओळीवर खूण केली आणि कळमन्यावरून गाडी धरली.

सोनखडी सपाट आहे. आमच्याकडे डोळा कुठे ना कुठे टेकडीवर जाऊन थांबतो. इथे थांबतच नाही. काळी जमीन, वाळून उभी असलेली तूर, मध्येच कपाशी. मंडळ चालवणाऱ्या वैशालीताई फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. ताई पशुसखी आहेत, म्हणजे गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस आणि जंतांचं औषध देणारी गावातलीच बाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दुप्पट वेगाने चालणाऱ्या.

दुपारी त्यांच्याकडे गोळाभात. डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतून घ्यायची. मी सवयीने तूप मागितलं. वैशालीताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "तूप? गोळाभाताले?" आणि माझ्या ताटात जवसाची चटणी वाढून त्यांनी विषय संपवला. त्यांचं बरोबर होतं.

जेवणानंतर वैशालीताई मांडववाल्याकडे आणि मग घरोघरी निरोप द्यायला गेल्या. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सहाही बकऱ्या त्यांच्या अंगणात बांधलेल्या होत्या, बेरारी जातीच्या, तांबूस, अंगाने सुबक. पण गळे! प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी आणि तिला लोंबणाऱ्या चिंध्या. लुगड्यांच्या किनारी, गमछ्याचे तुकडे, फ्रॉकची झालर, काही उन्हाने विटलेल्या, काही शेणाने वाळून कडक. मुलं जवळ नव्हती, त्या शनिवारी पूर्ण दिवस शाळा होती.

आमच्याकडे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शेळी धुतात, खूर कापतात, गळ्यात नवा दोर घालतात. माझ्या हाताला काम नसलं की मला बरं वाटत नाही. पाहुणचार घेतलाय तर मदत करू, असं मी ठरवलं. ऊन चांगलं होतं, हौदाचं पाणी कोमट होतं, पिशवीत सहा नव्या घंट्या होत्या.

सानिका म्हणाली, "बाई, वैशालीताईंना विचारायचं का आधी?"

मी म्हणाले, "स्वच्छतेला कुणाची परवानगी लागत नाही."

हे वाक्य मी पुढे बरेच दिवस विसरणार नाही.

कात्री माझ्या पर्समध्ये असतेच. तासाभरात सहा बकऱ्या धुऊन, पुसून, घंट्या बांधून उन्हात उभ्या केल्या. चिंध्या सरांनी शेकोटीला मागितल्या. संध्याकाळी गारठा पडतो म्हणाले. मी त्या दिल्या नाहीत. कापडाचा तुकडा मी कधी टाकत नाही, धुऊन पुसायला होतो. सगळ्या एका पिशवीत भरल्या. या खोडीबद्दल घरी मला बोलणी खावी लागतात. त्या दिवशी तिनेच मला वाचवलं.

पहिली परत आली ती सेजल. सातवीतली, दोन वेण्या. दप्तर न काढताच ती आपल्या बकरीकडे, चिंगीकडे, धावली, तिच्या गळ्याशी हात नेला आणि तिथेच थांबली. घंटी वाजली.

"गाठी?" तिने विचारलं.

"कसल्या गाठी बाळा? घाण होती ती, काढली."

ती रडली नाही. तिने बकरीच्या गळ्याभोवती हात फिरवून पुन्हा पाहिलं, जसं आपण पर्स हरवल्यावर त्याच कप्प्यात पुन्हा पाहतो. मग ती पळत वैशालीताईंना शोधायला गेली.

वैशालीताई आल्या, सहा चकचकीत बकऱ्या पाहिल्या आणि ओट्यावर बसल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "काय केलं वं तुमी हे."

मग कळलं. सोनखडीच्या मंडळाची रीत अशी: बकरी मुलाला मिळते, पण ती त्याच्याकडे राहावी म्हणून वर्षभरात सात घरांनी, नातलग सोडून, ती एकेक दिवस सांभाळायची असते. ज्या घराने दिवसभर चारा-पाणी केलं, त्या घराने आपल्या घरातल्या कापडाची पट्टी तिच्या गळ्यात बांधायची. सात घरच्या सात गाठी. प्रदर्शनाच्या दिवशी गावासमोर गाठी मोजतात. सात भरल्या तर बकरी मुलाकडे कायम. नाही भरल्या तर ती यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाते.

"पोट्टं आजारी पडते, परीक्षा येते, मामाच्या गावाले जाते," वैशालीताई म्हणाल्या. "मंग बकरी कोन पाहीन? आन सात घरं ओळखतात त्या बकरीले चोरी होत नाई जी. कोनीबी वरडते, अरे हे तं आपली चिंगी आहे."

माझ्या चौदा प्रश्नांतल्या पहिल्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते मी कात्रीने कापून पिशवीत भरलं होतं.

"पण याची नोंद असेल ना कुठे?" मी विचारलं. "वही?"

"वही कायले पायजे? गळ्यातच होतं नं सगळं."

वीस वर्षं शाळेची रजिस्टरं सांभाळली मी. एका गावाचं वर्षभराचं रजिस्टर समोर उभं होतं, चारा खात होतं, आणि मला ते घाण वाटलं.

बाकी पाच बकऱ्यांना नऊ-नऊ, दहा-दहा गाठी होत्या. एखादी इकडेतिकडे झाली तरी चालणार होतं. चिंगीला मोजून सात होत्या. सातवी दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी बांधलेली. ती बांधणारे शेंडेजी सेजलच्या समोरच राहतात, रेल्वे फाटकावरून निवृत्त झालेले, एकटे. मागच्या हिवाळ्यात चिंगीने त्यांचा मेथीचा वाफा खाल्ला होता. तेव्हापासून सेजल दर रविवारी बकरी घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची आणि ते दर रविवारी "नाई" म्हणायचे. गुरुवारी "हो" म्हणाले, आणि वर म्हणाले होते, एकदाच.

चिंगी गाभण होती. महिन्याभरात व्यायची.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. "मी गावासमोर सांगते. सेजलची सात धरा."

वैशालीताईंनी मान हलवली. "यादीत तिच्यामागं एक पोरगं दोन वर्षांपासून थांबून आहे जी. त्याले काय सांगू? गाठी होत्या, पाहुन्या बाईनं पाह्यल्या? नियम मीच केला. तो मीच सोडला तं पुढच्या वर्षी कोन बकरी सांभाळते?"

मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. शेवटी त्यांनीच ठरवलं: ज्याची गाठ, त्याने उद्या सगळ्यांसमोर येऊन ती पुन्हा बांधायची.

रविवार, १८ जानेवारी. तेच गाव.

सकाळी सात वाजता आधी बुद्धविहारातल्या आणि मग मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून एकच निरोप गेला: "ज्यानं ज्यानं बकरीले गाठ बांधली, त्यानं वैशालीच्या अंगनात यावं. पाहुन्या बाईनं गाठी कापल्या." शेवटचं वाक्य दोन्ही भोंग्यांवरून दोनदा झालं. कदम सरांनी चहाच्या पेल्यात पाहून हसू लपवलं.

आम्ही बाज अंगणात ओढली आणि चिंध्या रात्रीच धुऊन घेतल्या होत्या त्या तिच्यावर पसरल्या. एकूण त्रेपन्न. मी वहीत रकाने आखले: पट्टी, घर, बकरी. पट्टी कुठल्या घराची आहे हे कापडावरून कळणार होतं. ती कुठल्या बकरीच्या गळ्यात होती हे आठवणीवरच.

मला वाटलं होतं पाच-दहा बायका येतील. साडेसातला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे मायं हो! मायं लग्नातलं लुगडं!"

"कायचं लग्नातलं वं? भावजयनं देल्लं होतं ते तुले, बारशाले."

"तू होती का बारशाले?"

"मी नव्हती तं लाडू कोनं वळले होते?"

एका म्हातारीने निळी पट्टी नाकाशी नेली, "आमच्याच घरची, तंबाखूचा वास येते," म्हणून तिच्या नवऱ्याच्या गमछ्याची ओळख पटवली. आदल्या रात्री मी ती साबणाने धुतली होती, पण वादात पडले नाही. दोन घरांनी एकाच दुकानातून एकाच थानाचं कापड घेतलं होतं. एकाच पट्टीवर दोघांनी हक्क सांगितला, मग अर्धी-अर्धी फाडून घेतली आणि दोन्ही बकऱ्यांना बांधली. मी रकान्यात "अर्धी" असं लिहिलं. असा रकाना मी आयुष्यात भरला नव्हता. मुलं बकऱ्यांच्या दोऱ्या धरून उभी, आणि गर्दीतून कुणी ना कुणी पुढे येऊन गाठ मारत होतं, मारता मारता त्या दिवसाची गोष्ट सांगत होतं. कुणाच्या घरी बकरी पलंगावर चढली होती, कुणी तिला तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, घालून वर संत्र्याच्या साली दिल्या होत्या, कुणाकडे दिवसभर ओरडून शेजाऱ्यांची झोप उडवली होती. आमच्या गावातल्या माणसांना हे सगळं ठाऊक असतं तर, असं मला सारखं वाटत राहिलं.

नऊ वाजेपर्यंत पाच बकऱ्या पूर्ण. चिंगीच्या गळ्यात सहा. सातवी पट्टी बाजेवर पडलेली, हिरवी, जाड. ती कुणाची हे विचारावं लागलं नाही: शेंडेजींनी ती आपल्या फाटकावरच्या जुन्या हिरव्या झेंडीतून फाडली होती. शेंडेजी आले नव्हते.

मी हिरवी पट्टी घेतली, सेजल आणि चिंगीला घेतलं, आणि त्यांच्या दारात गेले.

ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. मांडीवर एक जाडी वही, कानावर पेन्सिल.

"कोनं कापली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"काहून?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "घाण वाटली."

त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेऊन बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "धुतली होती मी झेंडी. साबन लावून. दोन खेप."

"चुकलं माझं."

त्यांनी वही उघडली, बोटाने एक ओळ शोधली आणि चष्मा वर करून वाचली: "शनिवार, दोन वाजून चाळीस. पाहुनी बाई, दोन पोरी, बकऱ्या धुवून राहिल्या. दोन पन्नास. गाठी कापून राहिल्या."

मी वैशालीताईंच्या अंगणाकडे पाहिलं. इथून ते सरळ दिसत होतं.

"तुम्ही पाहिलं होतं? मग ओरडलात का नाही?"

"फाटकवाला गाडीले नाई थांबवत, बाई," शेंडेजी म्हणाले. "रस्त्यावाल्याले थांबवते. तुमी गाडीवानीच येऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, आता फक्त टाइम लिहून ठेवा."

सेजल खुदकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

शेंडेजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "हसते काहून गा?" मुलीला ते "गा" म्हणाले, मुलाला म्हणावं तसं, पुढे लक्षात आलं की आवडत्या माणसाला ते असंच म्हणतात. "आन मी एकदाच म्हटलं होतं का नाई?"

"हो जी," सेजल म्हणाली.

"मंग?"

सेजलने थोडा विचार केला. "मंग आज दिवसभर ठेवा जी चिंगीले. नवीन दिवस, नवीन गाठ. जुनी नका बांधू."

मला हे सुचलं नसतं. मी मनात विनंतीची तीन वाक्यं तयार ठेवली होती.

"आज तं मोजनी आहे," शेंडेजी म्हणाले. "दिवसभर कसा होईन?" ते पुन्हा वहीकडे वळले. पानं उलटली, मागे, आणखी मागे, आणि माझ्यासमोर धरली. गुरुवारचं पान. सकाळी सहा वाजून पाचपासून संध्याकाळी सहा वाजून दहापर्यंत, चिंगीने काय खाल्लं, किती वेळा पाणी प्याली, कुठे झोपली, हे तासातासाला लिहिलेलं. शेवटची ओळ: गाठ बांधली.

इतकी नीट नोंद मी स्वतःचीसुद्धा पाहिलेली नाही.

"दिवस भरला आहे," ते म्हणाले. "कागदावर आहे. गाठ कापल्यानं दिवस नाई कापल्या जात. चला."

ते उठले. एका हातात वही, दुसऱ्यात खुर्ची, कारण दुसऱ्याच्या अंगणात ते जमिनीवर बसत नाहीत. वैशालीताईंच्या अंगणात त्यांनी खुर्ची मधोमध मांडली. त्यांनी हिरवी पट्टी चिंगीच्या सुतळीला बांधली, दुहेरी गाठ मारून ओढून पाहिली. मग माझ्या घंटीकडे बोट दाखवलं.

"हे राहू द्या. आवाज आला तं मेथीजवळ आली हे समजते."

वैशालीताईंनी सगळ्यांसमोर मोजलं. सात. यादीत थांबलेल्या मुलाचा बाप पुढे आला, त्याने स्वतः बोट लावून पुन्हा मोजलं, "सात आहेत," म्हणाला, आणि बाजूला झाला. त्याच्या मुलाला चिंगीचं पहिलं पिल्लू द्यायचं, असं सेजलच्या आईने तिथेच जाहीर केलं. मी दोन तासांत पहिल्यांदा खाली बसले. प्रणालीने मला पाणी आणून दिलं आणि सल्ला दिला, "बाई, श्वास घ्या."

प्रदर्शन ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा सुरू झालं, आणि खरं तर ते आधीच होऊन गेलं होतं. लोक घरी गेले नाहीत. दुपारी मोठ्या कढईत पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा शिजला. शेंडेजी खुर्चीत बसून, कुठली बकरी किती वाजता मांडवात आली, ते लिहीत राहिले. निघताना मी त्यांना माझी रकान्यांची वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एक पान पाहिलं आणि म्हणाले, "टाइम नाई लिहिला."

आता दोन आठवडे झाले. आमच्या मंडळात आम्ही तीन शेळ्यांपासून गाठींची सुरुवात केली आहे. मुलींनी प्रथम शेजारणींना विचारलं. मी मागे उभी राहिले आणि काही बोलले नाही. चिंगीला दोन पिल्लं झाली, एक पाट, एक बोकड. फोटो आला, दोन्ही आईसारखी तांबूस.

राहिलं एवढंच. त्या दिवशी त्रेपन्न पट्ट्यांपैकी बावन्न बांधल्या गेल्या. एक उरली. मोहरीच्या रंगाची, त्यावर तपकिरी ठिपके, कडेला हाताने घातलेली शिवण. कुणीच ओळखली नाही, शेंडेजींच्या वहीतही नाही, त्यांच्या ओट्यावरून सगळं गाव दिसत नाही. सगळ्या बकऱ्यांच्या गाठी पुरेशा भरल्या होत्या, तेव्हा कुणाचं अडलं नाही. पण कुणीतरी एक दिवस एक बकरी सांभाळली आहे आणि ते मी कापलं आहे.

सेजलकडून मी सोनखडीतल्या घरांची यादी मागवून घेतली. त्रेसष्ट घरं. रोज संध्याकाळी ती पट्टीचा फोटो घेऊन चार-पाच घरी जाते आणि मला कळवते, मी इकडे खूण करते. आतापर्यंत त्रेपन्न घरं झाली. राहिलेल्यांपैकी सहा घरांतली माणसं तुरीच्या कामाला बाहेर आहेत, तीन दारं या रविवारी करायची आहेत. एका घराला कुलूप आहे. सेजल म्हणते, तिथली बाई दिवाळीनंतर लेकीकडे गेली, परतीचा दिवस कुणाला ठाऊक नाही.

पट्टी माझ्या पर्समध्ये आहे. कात्री ज्या कप्प्यात होती, त्याच कप्प्यात. कात्री घरी ठेवली आहे.